घर बंद करून जाताना: कुलूप, कॅमेरा, वॉचमन की लॉकर?

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर तीच चर्चा सुरू होते. कुणी कॅमेऱ्याची लिंक टाकतं, कुणी डिजिटल लॉकची ऑफर. ज्येष्ठ मंडळी अलीगढचं सात लिव्हरचं कुलूप सुचवतात. यातलं सगळंच एका वेळी घेणं बहुतेकांना परवडत नाही. मग आधी काय घ्यायचं? माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिला खर्च दाराच्या चौकटीवर करा, दुसरा सोन्याच्या जागेवर. कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर.

दार: लटकतं कुलूप, आतलं कुलूप, डिजिटल लॉक, सेफ्टी डोअर

घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: 'बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला.' कुलूप फोडल्याचं त्या मानाने कमी वाचायला मिळतं. कारण आपल्या दाराकडे नीट पाहिलं की कळेल. कोयंड्याची पट्टी फ्लश डोअरला, म्हणजे प्लायच्या सपाट दाराला, चार छोट्या स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू पाऊण इंचाचे, तेही बिल्डरच्या सुताराने घाईत ठोकलेले. पट्टीमागे कटावणी घालून अंगाचा भार टाकला की स्क्रू लाकडाच्या भुशासकट बाहेर येतात आणि कुलूप शाबूत लटकत राहतं. त्यामुळे चारशे रुपयांचं कुलूप आणि पंधराशेचं कुलूप यांत निवड करण्याआधी कोयंडा बदला. जाड पट्टीचा कोयंडा घ्या आणि स्क्रूऐवजी दारातून आरपार जाणारे बोल्ट लावा, नट आतल्या बाजूला. साहित्य आणि सुताराची मजुरी धरून हजार-बाराशेत होतं. या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा उपाय हाच.

तरीही लटकत्या कुलपाची एक खोड राहतेच. घरात कुणी नाही हे ते जिन्यावरूनच सांगतं. दारात साचलेली वर्तमानपत्रं आणि दुधाच्या पिशव्याही तेच सांगतात, पण ती बंद ठेवायला सांगता येतात. म्हणून फ्लॅटला आतून बसवलेलं कुलूप बरं. घर बंद आहे की माणसं दुपारची झोपली आहेत, हे बाहेरून समजत नाही.

आतल्या कुलपांतही फरक आहे. साधं नाइट लॅच दार ओढून घेतलं की लागतं, पण तेव्हा फक्त स्प्रिंगची तिरकी जीभ अडकलेली असते. फटीत पातळ पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. किल्ली फिरवून पुढचा बोल्ट बाहेर काढल्याशिवाय ते कुलूप अर्धंच असतं, आणि निम्मी माणसं नुसतं दार ओढून निघतात. मॉर्टिस लॉक दिसायला छान, पण ते बसवायला दाराच्या जाडीत खोबण पाडावी लागते. दार पातळ असेल तर नेमकी तीच जागा कमकुवत होते. जुन्या इमारतींतल्या बारीक फ्लश डोअरला दोन-तीन बोल्टचं, दाराच्या आतल्या पृष्ठभागावर बसणारं कुलूप जास्त योग्य. चांगलं कुलूप दोन ते पाच हजारांत येतं. बोल्ट ज्या पट्टीत शिरतो ती चौकटीवरची पट्टी मात्र तीन इंची स्क्रूने बसवून घ्या. दुकानदार कुलपाबद्दल अर्धा तास बोलतो, या पट्टीबद्दल चकार शब्द काढत नाही.

डिजिटल लॉक साधारण आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत मिळतं. किल्ली हरवण्याची भानगड नाही, कामवाल्या ताईंना वेगळा कोड देता येतो, दार आपोआप लॉक होतं. पण चौकट तीच, दार तेच, कटावणीही तीच. शिवाय पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि मोटरचा बोल्ट अडकून बसतो. आजीच्या झिजलेल्या बोटांचे किंवा भांडी घासून आलेल्या ओल्या हाताचे ठसे त्याला ओळखू येत नाहीत. सेल संपण्याआधी इशारा मिळतो खरा, पण तो तुम्ही गावाला गेलेले असतानाही मिळतो. माझ्या लेखी ही सोयीची खरेदी आहे, सुरक्षेची नव्हे. दोघं नोकरी करणारी, मुलं शाळेतून एकटी येणारी असतील तर जरूर घ्या. चोरांच्या भीतीने घेणार असाल, तर तेच पैसे सेफ्टी डोअरला लावा.

सेफ्टी डोअरचा खरा उपयोग घरात माणूस असताना होतो. कुरिअरवाला, मीटर बघायला आलेला, 'भांडी चमकवून देतो' म्हणणारा, सगळ्यांशी जाळीतून बोलता येतं. आई-वडील एकटे राहत असतील तर मी हेच आधी बसवेन. खर्च पंधरा ते चाळीस हजार. घेताना एक गोष्ट पाहा: आतली कडी जाळीतून हात घालून सरकवता येत नाही ना? बऱ्याच दारांना येते. दार पॅसेजमध्ये बाहेर उघडणारं असेल तर सोसायटीला आधी विचारा. आगीच्या वेळी तोच पॅसेज सगळ्यांना लागतो.

एक युक्ती चोर हमखास करतात: शेजारच्या फ्लॅटना बाहेरून कड्या लावतात, म्हणजे आवाज झाला तरी कुणाला बाहेर येता येत नाही. तुमच्या दाराला आतलं कुलूप असेल तर बाहेरची कडी काढूनच टाका. ती आता तुमच्या उपयोगाची नाही, चोराच्या आहे.

खिडक्यांचं थोडक्यात. समोरच्या खिडकीला ग्रिल असतं, पण डक्टकडची बाथरूमची काचेच्या झडपांची खिडकी उघडी राहते. ड्रेनेजचा पाइप शेजारूनच जातो आणि झडपा एकेक करून उपसता येतात. तिथे जाळी हवी. ग्रिल लावताना निदान एका खोलीत कुलूप लावून उघडता येणारा भाग ठेवा आणि त्याची किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. आगीत अडकायची वेळ आली तर तोच रस्ता.

कॅमेरा की वॉचमन?

वायफाय कॅमेरा दीड ते साडेतीन हजारांत मिळतो, म्हणून तो सगळ्यात आधी घेतला जातो. त्याने काय होतं आणि काय होत नाही, हे समजून घ्या. मोबाईलवर सूचना येते, चित्रण राहतं. पण रात्री दोन वाजता मनालीच्या हॉटेलात सूचना आली तर तुम्ही कुणाला फोन करणार? ११२ ला करालच, पण दोन मिनिटांत दारापाशी पोहोचू शकेल असा शेजारी त्याहून मोलाचा. त्याचा नंबर नसेल तर कॅमेरा तुम्हाला तुमची चोरी फक्त बघायला लावतो.

गंमत अशी की आपण गावाला निघताना काळजीपोटी मेन स्विच बंद करतो. राउटर बंद, कॅमेराही बंद. त्यासाठी राउटर आणि कॅमेऱ्याचा एमसीबी वेगळा ठेवून घ्या, छोटा यूपीएस असेल तर उत्तमच. बंगल्यांत चोर जाताना डीव्हीआरच, म्हणजे चित्रण साठवणारा डबाच, उचलून नेतात, कारण तो टीव्हीखालीच ठेवलेला असतो. तो माळ्यावर किंवा कपाटात ठेवा. पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवू नका. आणि कॅमेरा शेजाऱ्याच्या दाराकडे वळवू नका. ज्याने वेळेला धावून यावं त्याच्याशीच त्यावरून भांडण होतं.

तोंडाला रुमाल आणि डोक्यावर टोपी असेल तर फ्लॅटच्या दारावरच्या चित्रणातून चेहरा कळत नाही. पोलिसांना जास्त उपयोगी पडतो तो गेटवरचा कॅमेरा: गाडी कुठली, नंबर काय, कुठल्या दिशेने गेली. म्हणून चाळीस घरांनी चाळीस कॅमेरे घेण्यापेक्षा गेटवर नंबरप्लेट वाचता येईल असा एक बरा कॅमेरा आणि त्याच्यावर दिवा, हा सौदा चांगला.

वॉचमनचा हिशेब वेगळा. एजन्सीचा एक माणूस बारा तासांना महिना साधारण पंधरा ते बावीस हजारांना पडतो, दिवसरात्र हवा तर दोन. चाळीस घरांत तो खर्च वाटला तर घरटी हजार रुपये. बारा घरांच्या इमारतीला मात्र तो जड जातो. तिथे गेटचा कॅमेरा, जिन्यातले दिवे आणि रात्री कुलूपबंद गेट यावर भागवावं लागतं. एजन्सी ठरवताना दर सगळ्यात शेवटी विचारा. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ प्रमाणे परवाना आहे का, माणसाची पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, हे आधी. रात्रपाळीचा माणूस झोपतो अशी तक्रार सगळेच करतात. तो दिवसा दुसऱ्या ठिकाणी ड्युटी करून आलेला असतो, हे कुणी विचारात घेत नाही. थोडा जास्त पगार देऊन एकच माणूस दोन-तीन वर्षं टिकवला तर तो चेहरे ओळखतो, आणि वॉचमनकडून मिळणारी खरी गोष्ट तीच आहे. दर महिन्याला नवा माणूस आला तर त्याला मी गणवेशातला दाराचा खांब म्हणेन.

दाराच्या चुंबकीय सेन्सरला जोडलेला भोंगा हजार-दीड हजारात येतो. जिन्यात तो कर्कश घुमतो, आणि चोराला आवाज नको असतो. स्वस्तात बरा. कुत्रा मात्र केवळ राखणीसाठी पाळू नका. तुम्ही गावाला जाणार तेव्हा तोही कुठेतरी ठेवावाच लागणार.

सोनं: लॉकर, घरची तिजोरी, विमा

टीव्ही, लॅपटॉप आता चोराला फारसे नको असतात. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र मिळून दहा तोळे म्हणजे गाडीची किंमत कपाटात ठेवल्यासारखं. गोदरेजचं कपाट मजबूत असतं, पण त्याची किल्ली त्याच खोलीत गादीखाली, देवघरात किंवा साड्यांच्या घडीत असते आणि चोर त्याच क्रमाने शोधतो.

बँक लॉकर म्हणजे बँकेची पूर्ण हमी असा समज आहे. तसं नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकीच. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत दहा तोळे असतील तर बाकीचे निदान सात लाख तुमचेच. भूकंप किंवा पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तर बँक जबाबदार नसते. कोल्हापूर, सांगली, चिपळूणच्या लोकांनी शाखा तळमजल्यावर आहे का, हे बघूनच लॉकर घ्यावा. तरीसुद्धा घरापेक्षा लॉकर कितीतरी सुरक्षित. लग्नातले, वर्षातून दोनदा अंगावर चढणारे दागिने तिथेच हवेत.

घरच्या तिजोरीत वजन आणि बोल्ट या दोनच गोष्टी बघा. हॉटेलात असते तशी हलकी इलेक्ट्रॉनिक तिजोरी नुसती कपाटात ठेवली तर चोर ती अख्खीच उचलतो, त्याला सोयच होते. स्लॅबला किंवा काँक्रीटच्या भिंतीला अँकर बोल्टने आवळलेली असेल तरच तिचा उपयोग. रोजच्या वापरातल्या दोन-तीन दागिन्यांना आणि कागदपत्रांना ती पुरते.

विम्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप, वादळ अशा आपत्तींसाठी आहे. तिच्यात चोरी येते ती अशी आपत्ती ओढवल्यावर, तिच्यामुळे आणि सात दिवसांच्या आत झाली तर. गृहकर्जासोबत बँकेने दिलेला विमा घरफोडीलाही चालेल असं धरून बसू नका. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि दागिने किमतीसह नोंदवावे लागतात. त्यातही मेख आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पॉलिसीत तशी व्याख्या असेल तर बळाचा वापर करून आत शिरल्याशिवाय घरफोडीचा दावा मिळत नाही. म्हणजे चपलांच्या रॅकमध्ये ठेवलेल्या किल्लीने कुणी दार उघडलं, तर सोनं गेलंच आणि दावाही गेला. घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं, ही अटही सही करण्याआधी वाचा.

चोरी झालीच तर काही हलवू नका. पंचनाम्यात तुटलेला कोयंडा, वाकलेली पट्टी, ओरखडे यांची नोंद झालीच पाहिजे. एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेच्या राहत्या घरातल्या चोरीच्या ३०५ सोबत घरफोडीचं ३३१ कलम आहे का, तेही बघा. दागिन्यांची बिलं आणि अंगावर घातलेले फोटो घराबाहेर कुठेतरी, निदान मुलीच्या ईमेलवर असू द्या.

गावाकडचं घर आणि भाड्याचं घर

शेतावरच्या वस्तीवर प्रश्न बंद घराचा नसतो, माणसं घरात असताना टोळी येण्याचा असतो. तिथे बाहेरचं कुलूप कितीही महाग असलं तरी काय उपयोग? आतून अडसर, अंगणात उजेड आणि मदतीला येणारी माणसं, एवढंच कामाचं. जुन्या वाड्यांच्या दारामागे भिंतीत सरकणारा जो लाकडी अडसर असे, त्याच्या तोडीचं आजच्या दुकानात मला काही दिसत नाही. पुणे, नाशिक, अहिल्यानगर भागांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे: ठरलेल्या एका नंबरवर फोन करून बोललं की तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर जातो. तुमचं गाव त्यात आहे का, ग्रामपंचायतीत विचारा आणि घरातल्या प्रत्येकाचा नंबर नोंदवा.

भाडेकरूंना चौकटीला हात लावायची परवानगी बहुतेक वेळा मिळत नाही. त्यांनी निदान कुलपाचं सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे शिरते तो भाग, बदलावं. आधीच्या भाडेकरूकडे, त्याच्या कामवाल्यांकडे, एजंटकडे किती किल्ल्या राहिल्या असतील कोण जाणे. सिलिंडर हजार-दीड हजारात येतं आणि दाराला नवं भोक पडत नाही. जुनं जपून ठेवायचं, घर सोडताना परत बसवायचं आणि नवं बरोबर घेऊन जायचं.