सॅन स्टॉर्म: इंजिन दणकट, दुखणं अर्थिंगचं

गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या छपराची सॅन स्टॉर्म १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. गाड्या थोड्याच बनल्या. चोर्ला घाट उतरलं की गोवा, त्यामुळे बेळगाव भागात ही गाडी विकायला आली तर बहुधा तिकडूनच येते. ती घेण्याचा विचार असेल, किंवा घरात उभी असेल आणि काही ना काही बिघडतच असेल, तर हे परीक्षण उपयोगी पडेल. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: गाडी चांगली आहे, घेण्यासारखी आहे. पण तिचे निम्मेअधिक त्रास इंजिनातले नसून अर्थिंगचे, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचे असतात आणि ते न ओळखता पार्ट बदलत बसलं तर पैसे पाण्यात जातात.

बॉनेटखाली रेनॉचं डी७एफ इंजिन आहे. ११४९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. युरोपात हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगो या लहान गाड्यांत बसवलं गेलं. म्हणजे हे शर्यतीचं नाजूक यंत्र नव्हे, बाजारहाटाच्या गाडीचं साधं, समजूतदार इंजिन आहे. गाडी हलकी, बसण्याची जागा जमिनीलगत, त्यामुळे जांबोटीच्या वळणांवर ६० हॉर्सपॉवरसुद्धा पुरेशी वाटते. सरळ महामार्गावर कोल्हापूरकडे जाताना मात्र मागून येणाऱ्या नव्या गाड्यांशी चढाओढ करण्यात अर्थ नाही. ती त्या कामाची गाडी नाही.

आता मूळ मुद्दा. हिची बॉडी फायबरग्लासची आहे. पत्र्याच्या गाडीत दिव्याला, हॉर्नला, पंख्याला एकच वायर आली तरी चालतं, कारण परतीचा रस्ता पत्राच देतो. बोल्ट आवळला की अर्थ मिळाला. फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे स्टॉर्ममध्ये प्रत्येक दिव्याची, प्रत्येक मोटरची परतीची वायर वेगळी ओढून खालच्या लोखंडी फ्रेमपर्यंत न्यावी लागते. अशा वायरी बऱ्याच, त्यांची टोकं चार-दोन बोल्टांवर एकत्र आलेली, आणि ते बोल्ट नेमके पाणी-चिखल उडतो तिथे. खानापूर-कणकुंबीचा पाऊस आणि तांबडी माती एकदा त्या सांध्यात शिरली की तांब्यावर हिरवा गंज धरतो. अथणी-चिकोडीच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी या बाबतीत बरी निघते, तरी वीस-पंचवीस वर्षांचा गंज तिथेही असतोच.

बिघडलेलं अर्थिंग कसं ओळखायचं? ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो. इंडिकेटर लावला की टेललॅम्प त्याच तालात लुकलुकतो. याचं कारण सरळ आहे: करंटला अर्थकडे जायला वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा फिरून जातो. हेडलाइट पिवळट, पेट्रोलचा काटा हेडलाइट लावताच हलतो, वायपर रेंगाळतो, हॉर्न घोगरा होतो, रिले टिकटिकतो. यातलं काहीही दिसलं तर गॅरेजमध्ये शिरताच ठामपणे सांगायचं: ‘मिस्त्री, पार्ट काढू नका, आधी अर्थ तपासा.’

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजमध्ये ठेवा. मीटरच्या काळ्या वायरचं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नव्हे, थेट खांबावर. लाल वायरचं टोक त्या दिव्याच्या किंवा मोटरच्या अर्थ पिनवर. मग तो दिवा चालू करा. चालू करणं महत्त्वाचं, कारण करंट वाहत नसेल तर खराब सांधाही चांगला दिसतो. ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर उत्तम. ०.२ च्या वर गेला तर वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर दुसरं काही शोधायची गरजच नाही. पुष्कळ वायरमन इथे मीटरचा बझर (तार जोडलेली आहे का एवढंच सांगणारा) लावून बघतात आणि ‘अर्थ ओके आहे’ म्हणतात. वायरची एकच तार शिल्लक असली तरी बझर वाजतो, त्यामुळे ती तपासणी या कामाला पुरत नाही.

दुरुस्ती करताना बोल्ट नुसता पुन्हा आवळू नका. टर्मिनल काढा, लोखंडावरचा रंग आणि गंज घासून चकचकीत धातू दिसू द्या, वायरचं काळं पडलेलं टोक कापून मागची स्वच्छ तांब्याची तार घ्या. नवं रिंग टर्मिनल चांगल्या पकडीनं दाबून बसवा, वर हीट श्रिंक नळी, खाली दातेरी वॉशर. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या म्हणजे पाणी आत जाणार नाही. नुसतं सोल्डर मारलेला सांधा हादऱ्यानं वायरच्या कडेला तुटतो, म्हणून दाबलेलं टर्मिनलच बरं. हेडलाइट आणि पंख्याला २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरा. सगळ्यात चांगला कायमचा उपाय म्हणजे पुढे एक, डॅशबोर्डमागे एक आणि डिकीत एक अशा तीन पितळी पट्ट्या बसवायच्या, त्या त्या भागातल्या सगळ्या अर्थ वायरी तिथे आणायच्या आणि प्रत्येक पट्टीपासून ६ चौरस मिलिमीटरची एक जाड वायर फ्रेमला न्यायची. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला एक दिवसाचं काम आहे. या गाडीवर करण्यासारखा पहिला खर्च हाच, नवे टायर नंतर.

इंजिनपासून फ्रेमपर्यंतची जाड अर्थ पट्टी वेगळी बघा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ही पट्टी सडली तर स्टार्टरचा मोठा करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल गरम होते, आतलं अस्तर वितळतं, आणि मालक ‘केबल पुन्हा जाम झाली’ म्हणून तीच केबल दुसऱ्यांदा बदलतो. स्टार्टर फिरत असताना इंजिनचा धातू आणि बॅटरीचा मायनस खांब यांच्यात मीटर लावा. ०.५ व्होल्टच्या वर आलं तर पट्टी बदला.

रेडिओ खरखरतो ही तक्रारही याच घरातली. अँटेनाला खाली धातूचा पृष्ठभाग लागतो, फायबरमध्ये तो मिळत नाही. अँटेनाच्या बुडाशी आतून हातभर ॲल्युमिनियमचा पत्रा लावून तो अर्थला जोडला की बराच फरक पडतो.

इंजिनाचं स्वतःचं एक दुखणं मात्र माहीत असायलाच हवं. गाडी थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते, गरम करून पेट्रोल पंपावर बंद केली की सुरू होत नाही, अर्ध्या तासानं पुन्हा गुपचूप सुरू होते. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या मोटरवर संशय जातो, पण रेनॉच्या या काळातल्या इंजिनांत आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) बघायचा. तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलच्या वर बसतो. जागा अडचणीची आहे, एअर फिल्टरची नळी काढल्यावर हात जातो. आधी नुसता कनेक्टर काढा, आतल्या पिना काँटॅक्ट क्लीनरनं धुवा, सुकू द्या, पिना किंचित घट्ट करून परत लावा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर सेन्सर काढून टोकाला चिकटलेली लोखंडी धूळ पुसा आणि पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण २०० ते २५० ओहम हवा. सेन्सर हातात असताना हेअर ड्रायरनं गरम करून पुन्हा मोजा. गरम झाल्यावर आकडा गायब होत असेल तर सेन्सर गेला, वाद नाही.

गाडी सिग्नलला उभी असताना आरपीएम वरखाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा जाते ते तोंड) आणि आयडल व्हॉल्व (ॲक्सिलरेटर सोडल्यावर हवा पुरवणारा) काजळीनं भरलेले असतात. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ ब्रशनं साफ करा. व्हॉल्वच्या मोटरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका, फक्त टोक आणि त्याची बसायची जागा पुसा. त्याआधी व्हॅक्युमचे रबरी पाइप मात्र हातानं दाबून बघा. चिरलेल्या पाइपनंही आरपीएम असाच नाचतो, आणि पाइप सगळ्यात स्वस्त.

ओल्या सकाळी झटके देत असेल तर प्लगच्या वायरी आणि त्यांना ठिणगीची वीज देणारा कॉइल पॅक बघा. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. कुठे निळी ठिणगी उडते ते दिसतं. हात आणि सैल कपडे लांब ठेवा. प्लगची फट ०.९ मिलिमीटर. टायमिंग बेल्टचं मात्र किलोमीटर बघून ठरवू नका. या गाड्या वर्षाला फार फिरत नाहीत, रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारं होतं. जुन्या मालकाकडे बिल नसेल तर बेल्ट आणि टेन्शनर बदलूनच गाडी रस्त्यावर काढा.

घाटात तापते अशी तक्रार असेल तर रेडिएटर बदलण्याआधी पंखा बघा. पंखा फिरतो म्हणजे तो नीट फिरतो असं नाही. इंजिन चालू आणि पंखा फिरत असताना पंख्याच्या दोन पिनांवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंख्यावर ११ असेल तर पुन्हा तेच, वायर आणि अर्थ. हवा कमी ओढली जाते आणि चढावर हळू जाताना काटा वर सरकतो.

बॉडीची चांगली बाजू म्हणजे ती गंजत नाही. पत्र्याच्या जुन्या गाडीचा निम्मा खर्च टिंकरिंगचा असतो, तो इथे वाचतो. पण उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांवर आणि उंच गतिरोधकांवर पुढचा बंपर आणि दरवाज्याच्या बिजागरीचा भाग तडकतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा नुसत्या वरच्या थराच्या असतात, त्या नजरेलाच खुपतात. नाण्यानं ठोकून बघा: खणखणीत आवाज आला तर आत ठीक, बद्द आवाज आला तर थर सुटलेत.

तडा खरा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तो पुढे पळत नाही. आतल्या बाजूनं दोन्हीकडे ५-५ सेंटिमीटर भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरखरीत करा, ॲसिटोननं पुसा. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या फायबरग्लास मॅटचे दोन-तीन तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा, पॉलिस्टर रेझिनमध्ये भिजवून बसवा आणि रोलरनं बुडबुडे काढा. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. हार्डनर १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम, जास्त नाही. रेझिन घेताना ॲक्सिलरेटर आधीच मिसळलेलं मागा. कोबाल्ट ॲक्सिलरेटर आणि हार्डनर हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, हे कामाला बसलेल्या पोरालाही सांगून ठेवा. आणि हे काम आषाढात काढू नका. दमट हवेत रेझिन चिकट राहतं. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले.

नुसती पुटी थापून रंग मारून देणारे बरेच आहेत. पुटी २-३ मिलिमीटरच्या वर गेली की पुढच्या उन्हाळ्यात तडा पुन्हा त्याच जागी उगवतो. कारागीर शोधायचा तर नेहमीच्या टिंकरिंगवाल्याकडे न जाता फायबरच्या टाक्या आणि साचे बनवणाऱ्याकडे जा. बेळगावातल्या उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत विचारपूस केली की असं काम जाणणारा माणूस सापडतो. न मिळणारे ब्रॅकेट आणि बुश लेथवर करून घ्यायलाही बेळगावसारखी जागा नाही. फायबरवर बोल्ट बसवताना दोन्ही बाजूंना रुंद वॉशर लावायला सांगा. पत्र्यासारखं करकचून आवळलं तर फायबर चुरतं.

छपराबद्दल थोडक्यात: ते गळतं. रबरी पट्ट्यांना वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, तिनं काही रबर फुगतात. पाणी जाण्याची भोकं बारीक प्लॅस्टिक पट्टीनं मोकळी करा. पावसाळ्यात आठवड्याला एकदा कार्पेट उचलून हात फिरवा. खाली ओल राहिली की ती वायरिंगच्या सांध्यांपर्यंत पोचते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ओलं छप्पर दुमडून ठेवू नका.

सुट्या भागांचं म्हणाल तर इंजिनाचे भाग डी७एफ या नावानं आणि जुन्या पार्टवरच्या नंबरानं मागवता येतात. काचा, दिवे, आतलं प्लॅस्टिक ही खरी अडचण. म्हणून घेताना पुढची काच आणि सगळे दिवे शाबूत असलेलीच गाडी घ्या, इंजिन थोडं थकलेलं असलं तरी चालेल.

कागदपत्रांत एक गोष्ट. गोव्याच्या नंबरची गाडी केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिकोडी) वर आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, आणि १५ वर्षं उलटलेली असल्यानं फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण, हे सगळं लागतं. व्यवहार ठरवण्याआधी टॅक्सचा आकडा आरटीओतून काढून आणा. आणि गाडी बघायला जाताना खिशात मल्टिमीटर ठेवा: हेडलाइट लावून, ब्रेक दाबायला कुणाला तरी बसवून, मागच्या दिव्यांच्या अर्थ पिनवर मोजा. एक व्होल्टच्या आसपास आलं तर घाबरून परत फिरू नका, मालकाला मीटर दाखवा आणि वायरिंगचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.