गोव्यात राहून गोव्यातच फसलो

मी फोंड्याला राहतो, गेली चौदा वर्षं. त्यामुळे हे लिहायला खरं तर लाज वाटते, पण साताऱ्याच्या आतेबहिणीने बजावलं की दादा तू लिहीच, म्हणून लिहितोय.

नाताळच्या आठवड्यात त्यांची अकरा माणसं येणार होती, त्यात दोन म्हातारी आणि एक तान्हं. आमचा फ्लॅट टू बीएचके, आणि सगळ्यांना राहायचं समुद्राजवळच. 'तुम्ही तिथलेच, तुम्हीच बघा' असं भावोजी म्हणाले आणि मीही कॉलर ताठ करून हो म्हणालो. मोरजी-मांद्रे बाजूला मी चार ठिकाणी विचारलं, रात्रीला अठरा हजारांच्या खाली कोणी बोलेना. आणि मग एका ट्रिपवाल्या ग्रुपात पोस्ट दिसली, मोरजीला थ्री बीएचके, प्रायव्हेट पूल, साडेसहा हजार. इतकं स्वस्त का, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही, पण मी तो पडू दिला नाही.

माणूस हिंदी बोलायचा, एकदम गोड, दर वाक्याला सर. ओनर दुबईला असतो, मी मॅनेजर. न मागता आधार कार्डाचा फोटो पाठवला, आणि मला वाटलं वा काय पारदर्शक माणूस. तीन रात्रींचे १९,५००, त्यातले अर्धे लगेच. यूपीआयला नंबर टाकला तर नाव भलत्याच बाईचं आलं, विचारलं तर म्हणे अकाउंटंट मॅडम आहेत सर. दिले. दुसऱ्या दिवशी फोन, दुसरी पार्टी फुल पेमेंट करायला तयार आहे, तुमच्यासाठी थांबवलंय, म्हणून उरलेले पण दिले. मग डिपॉझिट दहा हजार, चेकआउटला परत. तेही दिले. एकूण २९,५००. एकदा पैसे अडकले की माणूस ते सोडवायला अजून पैसे घालतो, जुगारासारखंच.

एक गोष्ट मी विचारली होती, वाडा कुठला, म्हणजे गावातली वस्ती कुठली? मोरजीत टेंबवाडा, विठ्ठलदासवाडा, वरचावाडा असे वाडे आहेत, इथे पत्ता म्हणजे वाडाच. तो म्हणाला 'बीच साइड सर, लोकेशन भेजता हूं'. गोव्यातल्या घराचा मॅनेजर आणि वाड्याचं नाव माहीत नाही! आणि मी ते ऐकून घेतलं.

लोकेशनवर पोचलो तर लाल चिऱ्यांचं जुनं घर, पुढे तुळस, आणि पायरीवर एक आजी झावळीचे हीर काढत बसलेल्या, केरसुणीसाठी. दोन गाड्या भरून माणसं आणि बॅगा बघून त्यांनी कोयता खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'देवा, आनीक आयले!' दिवाळीपासून आम्ही तिसरे. बिचाऱ्यांनी पाणी दिलं सगळ्यांना.

गेटवरूनच फोन लावला तर त्याने उचलला, हे विशेष. म्हणाला सिस्टिममधून बुकिंग कॅन्सल झालं सर, रिफंड करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा आणि पिन टाका. आणि मी खरंच फोन काढून स्कॅन करायला लागलो, घामाने बोट सरकत होतं. बायकोने हात धरला, म्हणाली पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? लागतच नाही, पिन फक्त आपले पैसे द्यायला लागतो. नाहीतर अजून तीस हजार गेले असते.

पोलीस स्टेशनला मी दुसऱ्या दिवशी गेलो, लाजेपायी. तिथल्या हवालदाराने पहिलं विचारलं, १९३० ला फोन केला का? हा सायबर फसवणुकीचा नंबर, जितक्या लवकर कराल तितकी पैसे समोरच्या खात्यात गोठवले जायची शक्यता जास्त. तक्रार नोंदली, नंबर आला, पण पैसे त्या बाईच्या खात्यातून केव्हाच पुढे सरकले होते.

गोव्यात टुरिस्टना भाड्याने खोली द्यायची तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ चा कायदा आहे, घरगुती होमस्टेलाही. मी आता पहिलं ते सर्टिफिकेट मागतो आणि त्यावरचं नाव, गाव जुळतंय का बघतो. आणि व्हिडिओ कॉलवर गेटबाहेर येऊन रस्ता दाखवा म्हणतो. आधार तर कुणाचंही पाठवता येतं.

त्या रात्री अकरा जण आमच्याच हॉलमध्ये चटया टाकून झोपले. झोपायच्या आधी आत्या माझ्या मोबाइलवर ते फोटो बघत होत्या, चष्मा वर-खाली करत. एका फोटोखाली लिहिलेलं, बाल्कनीतून सनराइज, समुद्रातून लालबुंद सूर्य वर येतोय. आत्या म्हणाल्या, 'काय रे, तुमच्याकडे समुद्र पश्चिमेला ना?'

चौदा वर्षं मी तिथे सनसेट बघतोय.

परवा तोच फोटो दुसऱ्या एका ग्रुपात दिसला, नंबर वेगळा, गाव पाळोळे, रेट साडेपाच हजार. खाली चार जणांनी विचारलंय, अव्हेलेबल आहे का.