अण्णांच्या डायलिसिसला दीड वर्ष झालं, सेंटरबद्दल (४ स्टार)

आठवड्यातून तीन वाऱ्या, प्रत्येक वेळी चार तास, म्हणजे घरच्यासारखंच झालंय आता ते. नाशिकमधलंच आहे, नाव टाकत नाही. आधी दुसऱ्या ठिकाणी जायचो, मशीन तिथेही चांगली होती पण अलार्म वाजला की सिस्टर म्हणणार टेक्निशियन बघेल आणि टेक्निशियन चहाला गेलेला. बीपी पडला, पायात गोळे आले की आपणच ओरडायचं.

इथे फरक आहे तो इन्चार्ज सिस्टरांचा. बाई आवाज चढवत नाहीत, पण सकाळची बॅच सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करतात, सिस्टर, टेक्निशियन, मामा, मावशी सगळे, आणि कोणाचं वजन किती वाढून आलंय, कोणाचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) नवा आहे, गेल्या वेळी कोणाला त्रास झाला ते बोलून घेतात. अलार्म वाजला की जो जवळ असेल तो धावतो, बेड कोणाचा ते नंतर.

एक किस्सा सांगतो. आदल्या संध्याकाळी अण्णांनी दाढ काढली होती आणि सेंटरवर सांगायचं मी साफ विसरलो. अण्णा मावशींना सहज म्हणाले, आज नाश्ता नको, चावता येत नाही. मावशी तशाच सिस्टरांकडे गेल्या. सिस्टरांनी हेपरिन, म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध, थांबवायला लावलं, नाहीतर दाढेतून रक्त वाहत राहिलं असतं, डॉक्टरांना फोन केला आणि त्या दिवशी हेपरिनशिवायच डायलिसिस झालं. रक्त नळीत गोठू नये म्हणून दर अर्ध्या तासाने सलाईन सोडत होते, आणि टेक्निशियन पोरगा म्हणाला मॅडम, हे सलाईन पण काढायच्या पाण्यात धरायला हवं ना. बाई लगेच म्हणाल्या बरोबर आहे तुझं, वाढव. आता मला सांगा, किती ठिकाणी मावशींचं ऐकतात आणि पोराने सिनियरला सांगितलेलं चालतं?

ड्राय वेटचंही तसंच, म्हणजे जास्तीचं पाणी काढून झाल्यावर जे वजन राहायला हवं ते. शेवटच्या तासात सारखे गोळे यायचे, तर सिस्टरांनी तीन आठवड्यांचे आकडे काढून डॉक्टरांपुढे ठेवले, डॉक्टरांनी ते वजन अर्धा किलोने वाढवून दिलं, तेव्हापासून अण्णा घरी येऊन जेवतात तरी, आधी नुसते पडून असायचे.

आणि जाताना फिस्टुलावर हात ठेवून बघायला मला शिकवलं, थरथर लागते ना, ती लागली नाही तर रात्र असो दिवस असो फोन करायचा. त्या हातावर बीपी घ्यायचा नाही, हे शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला आता मीच सांगतो.

एक स्टार कापला तो बिलिंग काउंटरसाठी. महात्मा फुले योजनेचे कागद तीनदा मागितले, आत सगळे एकमेकांशी बोलतात आणि बाहेर काउंटरवाला शेजारच्या काउंटरवाल्याशी बोलत नाही. शिवाय एसी भयंकर, अण्णा घरून गोधडी नेतात, मामा विचारतात काका मुक्कामाला आलात का.