ॲडिक्वान: निवृत्त रेसच्या घोड्यांच्या सांध्यांसाठी

शर्यतीत झिजलेल्या गुडघ्यासाठी आणि हॉकसाठी (मागच्या पायाच्या मधल्या सांध्यासाठी) या इंजेक्शनला आमची पहिली पसंती, पण कोर्स पुरा करणार असाल तरच. ५ मिलिलिटरच्या कुपीत ५०० मिलिग्रॅम औषध असतं; चार-चार दिवसांनी एक सुई स्नायूत, असं २८ दिवस. दोन सुयांनंतर फरक दिसत नाही म्हणून थांबणं ही नेहमीची चूक. हे नुसतं वेदनाशामक नव्हे. कूर्चा कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) ते आवर घालतं, आणि त्याला वेळ लागतो. कूर्चा पार झिजून हाडाला हाड घासत असेल तर फार आशा नको; म्हणून आधी एक्स-रे काढाच.

थेट सांध्यात देण्याचीही पद्धत आहे. तिथे निर्जंतुकीकरणात जरा कसूर झाली की सांधा पिकतो, आणि असा घोडा वाचवणं फार अवघड. म्हणून आमचा कौल स्नायूलाच. औषधाची रचना हेपरिनशी मिळतीजुळती, त्यामुळे रक्तस्रावाचा दोष असलेल्या घोड्याला पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका. सिरिंजमध्ये दुसरं काही मिसळू नका. रोज फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक चारून जठर-आतड्यात व्रण करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मात्र घोड्याचं वजन वाढलेलं आणि खुरांचा पुढचा भाग लांबलेला असेल, तर सांध्यावरचा ताण कुठलीच कुपी उतरवणार नाही.