इगतपुरीचं धम्मगिरी : दहा दिवसांचं विपश्यना शिबिर

माझी नाशकात खाणावळ आहे. सकाळी पोळ्या लाटताना डोक्यात संध्याकाळची भाजी, रात्री ओटा पुसताना उद्याचा सिलिंडर. ‘वर्तमानात जग’ असं कुणी म्हटलं की मला रागच यायचा. धम्मगिरीत ते करून घेतात, आणि ते सोपं नाही.

पहाटे चारला घंटा, साडेचारपासून ध्यान, रात्री साडेनऊला दिवे बंद. मोबाइल जमा, वाचन-लेखन बंद, खाणाखुणासुद्धा नाहीत. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा, बस्स. ही साधना शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोयंका २०१३ साली गेले, पण सूचना अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतात.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू होते : अंगात जे जे जाणवतं ते नुसतं बघायचं. मग अधिष्ठान : तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझ्या डाव्या गुडघ्यात कळ उठली. बघत बसले. नीट पाहिलं तर आत ठणका वेगळा, ऊब वेगळी, मुंग्या वेगळ्या, आणि सगळंच सारखं बदलत होतं. कळ गेली नाही. ‘अजून किती वेळ?’ हा धोशा मात्र थांबला. तेवढा वेळ मी सगळीच्या सगळी तिथे होते. शांत वगैरे नाही, लख्ख जागी.

जेवण सकाळी अकराला, साधं शाकाहारी. आयतं ताट हाती येणं हेच मला अप्रूप. वरणाचा पहिला घास घेतला तेव्हा जिऱ्याची चव आधी जिभेला कळली, जिऱ्याचा भाव नंतर आठवला. एरवी उलटं होतं! संध्याकाळी पाचला चहा, चुरमुरे, फळ. रात्रीचं जेवण नसतं, त्याची सवय होते.

फी नाही. राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानावर चालतं, आणि तुमचं दानही शिबिर पूर्ण केल्यावरच घेतात. हे मला फार मोठं वाटतं.

विश्रांतीसाठी जाऊ नका. मानसिक आजार असेल, औषधं चालू असतील, तर फॉर्ममध्ये खरं लिहा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा, लाजू नका. पावसाळ्यात गेलात तर स्वेटर आणि कपड्यांचे जादा जोड हवेतच, इगतपुरीत काही वाळत नाही.

दिवाळीनंतर धाकट्या जावेला पाठवणार आहे. तिच्या वाटच्या पोळ्या तेवढे दिवस मी लाटेन.