लेकीच्या इंग्रजीच्या मॅडम: अ-१ चा ब-१ झाला तरी चार स्टार

चार स्टार देतेय. पहिल्या सत्रानंतर विचारलं असतं तर एकच दिला असता, तोही नाइलाजाने.

लेक सातवीत, सेमी इंग्लिश, सहावीपर्यंत इंग्रजीला कायम अ-१. आणि दिवाळीनंतर प्रगतीपत्रक बघते तर इंग्रजीपुढे ब-१, म्हणजे ७१ ते ८० च्या मधे कुठेतरी. मी दुसऱ्या दिवशी तडक शाळेत. मॅडम (नाव लिहीत नाही, त्यांना नाही आवडणार) म्हणाल्या, ताई, तिची सहावीची वही आहे का घरी, घेऊन या, मग बोलू. नेली. त्यात शोधून चूक सापडत नाही, कारण सगळं फळ्यावरचं उतरवलेलं आणि निबंध गाईडातले. सातवीच्या वहीत आजीवर दहा ओळी होत्या, चुकाच चुका, पण आजी आमचीच. "माय आजी डू मिसरी एव्हरी मॉर्निंग." तिथंच हसू आलं मला आणि जरा लाजही वाटली, मिसरीचं शाळेत कशाला सांगायचं 😄

तर पद्धत अशी की मॅडम लाल पेन वापरतच नाहीत. ज्या ओळीत चूक असेल तिच्यापुढे समासात पेन्सिलने एक ठिपका, बस. कुठली चूक ते पोरांनी शोधायचं, नाही सापडली तर बाकावरच्या शेजाऱ्याला विचारायचं, मग परत लिहायचं आणि मार्क त्या परत लिहिलेल्याला. त्या मिसरीच्या ओळीवर आमच्या बाईसाहेबांनी आधी मिसरीचं स्पेलिंगच बदललं, ठिपका तसाच. मग "डू" चं "डज" केलं, तरी मॅडमनी नुसती मान हलवली. शेवटी दोन दिवसांनी जेवताना एकदम ओरडली, "युजेस!" भात तोंडात होता. आता तो एस ती जन्मात विसरायची नाही. मला पाचवीत एबीसीडी सुरू झाली तेव्हापासून सरांनी लाल रेघोट्या मारूनही तो एस मी अजून विसरते.

दुसरं म्हणजे ते आकारिकचे, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामाचे मार्क. सातवीला १०० पैकी ४० आकारिक, ६० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी परीक्षा असते तिचे. यातले ४० म्हणजे खिरापत असाच आमचा समज होता, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय असे रकाने असतात आणि प्रकल्प कोण करतं ते सगळ्या आयांना माहितीये, रात्री अकराला थर्माकोल कापत बसलेलो असतो आपण. या मॅडम घरून करून आणलेला प्रकल्प घेतच नाहीत! घरून फक्त रिकामी वेष्टनं आणायची, बिस्किटाचा पुडा, औषधाची पट्टी, खताच्या पिशवीचा तुकडा, काहीही. वर्गात बसून त्यावरचं इंग्रजी वाचायचं आणि तसल्याच सूचना आपल्या मनाने लिहायच्या. लेकीने घरी येऊन लाडवाच्या डब्यावर चिठ्ठी डकवली, "कीप आऊट ऑफ रीच ऑफ बाबा". बाबांना बेसनाचे लाडू खरंच मना आहेत, शुगर आहे.

आता एक स्टार का कापला. वर्गात ६० च्या वर पोरं, त्यामुळे वही परत यायला कधीकधी पंधरा दिवस लागतात आणि तोवर पोरगी आपण काय लिहिलं होतं तेच विसरलेली असते. ठिपक्याचा खेळ ज्यांना थोडं तरी येतं त्यांना जमतो, पण ज्यांना एबीसीडीपासूनच अडतंय ती दोन-चार पोरं नुसती ठिपक्याकडे बघत बसतात (लेकच सांगते), त्यांना मॅडमनी सरळ सांगावं असं माझं मत, मी बोलून दाखवलंय, बघू म्हणाल्या. आणि पाठांतर अजिबात नाही, हे आमच्या सासूबाईंना पटत नाही. खरं सांगायचं तर थोडं मलाही.

ट्यूशनच्या सरांनी तर ग्रेड बघून लगेच एक्स्ट्रा बॅच सुचवली होती, महिन्याच्या फीसकट. मार्चपर्यंत थांबते म्हणलंय.

परवा वही आली. तीन ठिपके. दोन तिला सापडले, तिसऱ्या ओळीत काय चुकलंय ते अजून आम्हा दोघींनाही कळलेलं नाही.