फ्लॉवर, दुधी, रताळं की पालक? पिझ्झ्याचा बेस कशाचा करायचा ते ठरवताना

भाजीचा पिझ्झा बेस म्हटलं की चार अगदी वेगळे पदार्थ एकाच नावाखाली येतात: फ्लॉवरचा, दुधीचा (किंवा झुकिनीचा), रताळ्याचा आणि कणकेत पालक-बीट घालून केलेला. फोटोत चारही छान दिसतात. खाताना आणि पोटात गेल्यावर मात्र त्यांचं एकमेकांशी फारसं जुळत नाही. म्हणून आधी आपल्याला नेमकं काय टाळायचंय ते ठरवावं. फक्त मैदा नको आहे, की एकूणच कर्बोदकं कमी करायची आहेत? घरात कुणाला ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, चालत नाही? की पोरं भाजीला तोंड लावत नाहीत म्हणून हा सगळा खटाटोप? कारण बदललं की भाजी बदलते.

नऊ इंची, दोघांना पुरेल अशा बेसचा ढोबळ हिशेब खाली दिला आहे. वरचं चीज, सॉस आणि तेल यात धरलेलं नाही.

| बेस | मुख्य माल | कॅलरी (सुमारे) | कर्बोदकं (सुमारे) |
|---|---|---|---|
| फ्लॉवर | ५०० ग्रॅम फ्लॉवर, १ अंडं, ४० ग्रॅम चीज | ३१५ | २५ ग्रॅम |
| दुधी-बेसन | ४०० ग्रॅम दुधी, ८० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम ज्वारीचं पीठ | ४४० | ७५ ग्रॅम |
| रताळं-ज्वारी | २५० ग्रॅम रताळं, ७० ग्रॅम ज्वारीचं पीठ | ४५५ | १०० ग्रॅम |
| पालक-कणीक | १५० ग्रॅम कणीक, दोन मुठी पालक | ५२० | ११० ग्रॅम |
| साधा मैदा | १५० ग्रॅम | ५४५ | ११५ ग्रॅम |

रताळ्याची ओळ पुन्हा एकदा बघा. ‘मैद्याऐवजी रताळं घ्या, वजन उतरवा’ असं सर्रास सांगितलं जातं, पण कर्बोदकांत फरक पडतो तो जेमतेम १५ ग्रॅमचा. रताळं कंद आहे, त्यात पिष्ट असणारच, आणि ते थापता यावं म्हणून वर पीठ घालावं लागतं ते वेगळंच. आणखी एक गोष्ट या तक्त्यात दिसत नाही. वर १०० ग्रॅम मोझरेला पसरलं की जवळपास ३०० कॅलरी वाढतात. म्हणजे फ्लॉवर किसून-पिळून जेवढं वाचवलं, त्यापेक्षा जास्त एका मुठीसरशी परत येतं. बेस बदलायचा असेल तर चीजचा हातही आवरावा लागेल, नाहीतर निदान मनाची समजूत तरी घालू नये.

फ्लॉवर: कर्बोदकं खरंच कमी, पण मेहनत सगळ्यांत जास्त

फ्लॉवरमध्ये शेकडा ९२ भाग पाणी असतं. हा बेस जमणं आणि फसणं सगळं त्या पाण्यावर आहे. नेपल्सच्या पिझ्झ्याच्या भट्टीत ४५० अंशांच्या आसपास उष्णता असते, पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. आपला घरचा ओटीजी २३० किंवा फार तर २५० अंशांवर थांबतो. त्या आचेवर ओला गोळा भाजला जात नाही, आतल्या आत वाफवला जातो, आणि हातात येते ती फ्लॉवरची ओलसर भाजी, वर चीज लावलेली.

त्यामुळे गड्डा मिक्सरमध्ये घालून लगदा करू नका. किसणीवर किसा किंवा मिक्सर थांबत-थांबत फिरवून जाड रव्याइतके दाणे ठेवा. पसरट कढईत, पाण्याचा थेंबही न घालता, पाच-सहा मिनिटं परता. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. मग जुन्या सुती पंच्यात बांधून पिळा. नुसतं टांगून ठेवून भागत नाही, दोन्ही हातांनी पिरगाळावं लागतं. एकदा पिळून झालं की पुरचुंडी सोडा, कीस मोकळा करा आणि पुन्हा पिळा. दुसऱ्या खेपेलाही पाणी निघतं. शेवटी तो कीस मुठीत दाबला तर त्याचा कोरडा गोळा व्हायला हवा आणि तळहात जेमतेम ओलसर राहायला हवा. अर्धा किलोतून हाताशी येतो तो गोळा बघून ‘एवढंच?’ असं वाटतं. तेवढंच. निघालेलं पाणी आमटीत घाला.

फ्लॉवरमध्ये ग्लुटेन नाही, म्हणजे धरून ठेवणारं काहीच नाही. ते काम अंडं आणि वितळणारं चीज करतं. पनीर वितळत नाही, त्यामुळे ते इथे उपयोगाचं नाही. शाकाहारी घरात अंड्याऐवजी जवसाची पूड एक मोठा चमचा, तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घ्यावी. त्याहून पक्कं हवं असेल तर एक मोठा चमचा इसबगोल आणि दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ. इसबगोल घातल्यावर मिश्रण थोडा वेळ झाकून ठेवा, ते ओलावा ओढून घेतं आणि गोळा आवळून येतो. यात कर्बोदकं दहा-पंधरा ग्रॅमने वाढतील, त्याला इलाज नाही.

कागदावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थापा, कडा किंचित जाड ठेवा कारण त्या आधी करपतात. इथे कागदाची एक मेख आहे. दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून जो मिळतो, त्यावर बऱ्याचदा सिलिकॉनचा थर नसतो. फ्लॉवरचा बेस त्याला असा चिकटतो की कागदासकट खावा लागेल. बेकिंग पेपर किंवा पार्चमेंट असंच मागून घ्या. चांगल्या तापलेल्या ओटीजीत २२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, तळाला तपकिरी ठिपके येईपर्यंत. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं हातही लावू नका, मगच उलटा. सॉस आणि चीज यानंतर.

तेवढं सगळं करूनही तो मैद्यासारखा ताणला जाणार नाही, आणि तुकडा हातात धरला तर टोक खाली वाकेल. काट्या-चमच्याने खायची तयारी ठेवा. साखर सांभाळायची असेल, त्या घराने हे कष्ट घ्यावेत असं मला वाटतं. बाकीच्यांना ते परवडत नाहीत. ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी एकदम जेवणातली कर्बोदकं पावपट करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि हा उद्योग थंडीतच करा. तेव्हा फ्लॉवर स्वस्त, पांढरा आणि घट्ट असतो. पावसाळ्यातला गड्डा महाग, वर तुऱ्यांतल्या अळ्या काढायला कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग तेच पाणी पुन्हा पिळत बसायचं.

दुधी-बेसन: माझं मत याला

रोजच्या घरासाठी चौघांतला एकच निवडायचा असेल तर मी हा निवडेन. थालीपीठ थापता येणाऱ्या हाताला यात नवीन काही शिकावं लागत नाही, ओटीजी लागत नाही आणि दुधी वर्षभर मिळतो. दुधीत फ्लॉवरपेक्षाही जास्त पाणी असतं, पण बेसन ते पिऊन टाकतं, त्यामुळे एकदा पिळलं तरी चालतं. शिवाय ८० ग्रॅम बेसनातून १७-१८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणून हा पिझ्झा खाल्ल्यावर तासाभरात कुणी डबे उघडत नाही.

चिरल्यावर आधी एक कच्ची फोड जिभेवर ठेवून बघा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो, ती विषारी असतात आणि शिजवून जात नाहीत. ‘थोडाच कडू आहे’ म्हणून पुढे जायचं नाही.

दुधी किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मुठीने पिळा, पाणी पोळ्यांच्या कणकेला वापरा. किसात बेसन, थोडं ज्वारीचं पीठ, तिखट, लसूण आणि सढळ हाताने ओवा. ओव्याचा आणि ऑरेगॅनोचा वास जवळचा आहे, दोन्हींत थायमॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं, त्यामुळे वरच्या सॉसशी तो बेमालूम मिसळतो. तेल लावलेल्या तव्यावर ओल्या हाताने पातळ थापा, झाकण ठेवा, मंद आचेवर सहा-सात मिनिटं. उलटा, दुसरी बाजू तीन-चार मिनिटं उघडीच भाजा. घाई केली तर बेसन कच्चट लागतं आणि मग वर कितीही चीज घाला, ती चव झाकली जात नाही. पुन्हा उलटून खरपूस झालेल्या बाजूवर सॉस-चीज, परत झाकण, चीज वितळलं की उतरवा.

घरातली मोठी माणसं याला पिझ्झा म्हणणार नाहीत, सॉस लावलेलं थालीपीठ म्हणतील. म्हणू द्या, खातात आवडीने. पुण्या-मुंबईत झुकिनीही मिळते आणि ती इथे चालतेच. साल काढावं लागत नाही, इतकाच तिचा फायदा. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं काही मला दिसलेलं नाही.

रताळं: चवीसाठी करा, वजनासाठी नको

रताळ्याचा बेस थापायला सगळ्यांत सोपा, चवीला गोडसर आणि कडा मस्त कुरकुरीत. फायबर मैद्यापेक्षा नक्कीच जास्त. पण ‘रताळ्यात व्हिटॅमिन ए भरपूर’ हे ऐकून आणलं असेल तर कापून आतला रंग बघा. शरीर ज्याचं व्हिटॅमिन ए बनवतं ते बीटा कॅरोटीन केशरी गराच्या रताळ्यात भरपूर असतं. आपल्या बाजारात आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला जे लाल सालीचे, पांढऱ्या गराचे ढीग लागतात, त्यांत ते फारसं नसतं.

रताळी पाण्यात उकडू नका, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता वाफवा. पाण्यात उकडलेला गर चिकट होतो, मग पीठ वाढवावं लागतं आणि बघता बघता भाकरीच्या जवळ जातो. गोडपणाला तोड म्हणून सॉसमध्ये हिरव्या मिरचीचा ठेचा घाला. ज्वारीऐवजी राजगिऱ्याचं पीठ घेतलं तर उपासालाही होतो. त्यावर टोमॅटो आणि चीज चालतं की नाही याचा निर्णय मी देणार नाही, त्यावरून एकाच घरातल्या दोन जावांचं एकमत होत नाही.

पालक किंवा बीट घातलेली कणीक

खरा पिझ्झा हाच. ताणला जातो, फुगतो, हातात धरून खाता येतो. पण भाजी म्हणाल तर दोन मुठी पालक, तोही दोघांत वाटला जाणार. शाळकरी मुलांच्या वाढदिवसाला उत्तम, कारण कुणी तक्रार करत नाही. भाजी खाल्ल्याचं समाधान मात्र आईचं, मुलाचं नव्हे. पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून, गार पाण्यात टाकून, मग वाटा. वाटण पूर्ण निवल्यावरच यीस्टमध्ये मिसळा, गरम वाटणाने यीस्ट मरतं. बीटचा गुलाबी रंग ओटीजीत विटकरी होतो, लिंबाचा रस घातल्यास थोडा टिकतो. निव्वळ मैदा सोडायचा एवढंच उद्दिष्ट असेल तर या वाटेने जा आणि भाजी पिझ्झ्याच्या वर भरपूर घाला.

घरात कुणाला ग्लुटेन चालत नसेल तर

पहिले तिन्ही बेस चालतील, पण कागदावरच. सीलिॲकच्या, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला किंचित गहूही त्रास देतो. कोपऱ्यावरच्या गिरणीत तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, बेसनाचंही तेच. ज्वारी आणि डाळ निवडून घरच्या चक्कीत दळा किंवा ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेलं पाकीट घ्या. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, तोही टाळा. तयार गोठवलेला फ्लॉवर बेस परदेशात सहज मिळतो. तो घेणाऱ्यांनी मागची घटकयादी वाचावी. बऱ्याच पाकिटांत फ्लॉवरसोबत तांदळाचं पीठ आणि कॉर्नस्टार्च असतं. ग्लुटेन नसलं तरी कर्बोदकं येतातच.

वरच्या थराबद्दल फक्त इतकंच: बाटलीतला केचप नको, त्यात साखर असते. टोमॅटो लसणावर परतून चमच्याला चिकटेपर्यंत आटवा. मशरूम आणि सिमला मिरची कच्ची घातली तर बेसमधून मोठ्या कष्टाने काढलेलं पाणी त्या परत आणून देतात, आधी मोठ्या आचेवर परतून घ्या.

एका दमात दोनदा करायचा असेल तर फ्लॉवरचाच करा, कारण अर्धा भाजलेला, पूर्ण गार केलेला फ्लॉवरचा बेस मधे कागद घालून फ्रीजरमध्ये महिनाभर सहज राहतो आणि तसाच थेट ओटीजीत जातो. रताळ्याचा दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम केला तर बरा लागतो. दुधी-बेसनाचं मिश्रण मात्र भिजवून ठेवू नका, अर्ध्या तासात दुधी पुन्हा पाणी सोडतो आणि ते थापण्याऐवजी ओतावं लागतं.